दंड पुढे करण्याआधी

मुक्ता,

खरं आहे तू ऐकलंस ते. इथे इंग्लंडमध्ये फ्लूची लस कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळते आणि तिथेच टोचतात. आपल्याकडे मेडिकलवाला लस विकतो, ती बर्फाच्या पिशवीत घालून आपण डॉक्टरांकडे नेतो आणि डॉक्टर टोचतात. कराडला फार्मसी शिकताना मला कोणी म्हणालं असतं की पुढे तूच लोकांना सुया टोचशील, तर मी हसले असते. २०१५ मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, इंग्लंडभरच्या फार्मसींतून फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, २०२१च्या जानेवारीत कोविडची लसही आली, आणि निवृत्त होईपर्यंत माझे सगळे ऑक्टोबर काउंटरमागच्या त्या छोट्या खोलीत गेले.

त्या खोलीत बसून जे कळलं ते तुझ्या कानावर घालते. तिथला फार्मासिस्ट तुला ओळखत नाही. पुण्यातल्या तुमच्या डॉक्टरांना तुझ्या लहानपणच्या कांजिण्याही आठवत असतील. इथे फार्मासिस्ट तुझ्या परवानगीने जीपीकडच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडच्या, नोंदींचा थोडा भाग पाहू शकतो, पण नुकत्याच आलेल्या माणसाची ती नोंद बहुतेक कोरीच असते. म्हणजे त्याला जे कळणार ते तुझ्या तोंडून. लस देण्याची सोय त्यांनी केली आहे. ती कोणाला, केव्हा, कितपत योग्य हे ठरवायला लागणारी माहिती मात्र आपण घेऊन जायची. बाकी सगळं यातूनच निघतं.

कुठली लस कुठे, ते आधी विचार

फार्मसीत सगळ्या लशी मिळतात असं धरून चालू नकोस. फ्लूची लस बहुतेक फार्मसींत असते. कोविडची काही ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक गटांनाच. ते गटही बदलत राहतात, तेव्हा मैत्रिणीला गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा तुला मिळेलच असं नाही. डांग्या खोकला, आरएसव्ही, वयस्कांच्या न्यूमोनियाच्या आणि नागिणीच्या लशी, बाळाच्या नेहमीच्या लशी, हे सगळं मुख्यतः जीपीकडे किंवा प्रसूतीच्या क्लिनिकमध्ये. यातल्या काही लशी काही भागांत फार्मसीतही देऊ लागलेत, म्हणून जाण्याआधी फोन करायचा.

फोनवर तीन गोष्टी विचार. माझ्यासाठीची लस आज शिल्लक आहे का? टोचणारी व्यक्ती किती वाजेपर्यंत असते? नाव नोंदवून यायचं की असंच आलं तरी चालेल? पहिला प्रश्न उगाच नाही. फ्लूची लस एकाच प्रकारची नसते. पासष्टच्या पुढच्यांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, म्हणून त्यांना वेगळी, जास्त जोरकस लस देतात. फ्रिजमध्ये एक प्रकार संपलेला असतो आणि दुसरा भरपूर असतो. आईवडिलांना थंडीत घेऊन गेलेली मुलं त्यामुळे हात हलवत परत येतात.

आणि हो, मी सांगते आहे ते इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक लशी तिथल्या आरोग्य मंडळाच्या केंद्रांवर देतात. तुझी नणंद एडिनबरोला असते ना, तिला हे माझे मंत्र तसेच्या तसे पाठवू नकोस.

तुझं स्वतःचं वेळापत्रक भिंतीवर लाव

गरोदरपणात तुला तीन लशी घ्यायच्या आहेत आणि तिन्हींची वेळ वेगळी आहे.

फ्लूची लस कोणत्याही महिन्यात चालते. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सप्टेंबरपासून देतात, बाकीच्यांना ऑक्टोबरपासून. तुला फार्मसीत सहसा मिळेल ती हीच. घेतल्यावर शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ऑफिसात चारजणं खोकायला लागल्यावर धावण्यात अर्थ नसतो. ही लस तुझ्यासाठी आहेच, शिवाय पहिले काही महिने बाळालाही तिचं संरक्षण मिळतं.

डांग्या खोकल्याची लस सोळाव्या आठवड्यापासून, सहसा विसाव्या आठवड्याच्या स्कॅनच्या सुमारास देतात. बाळाच्या स्वतःच्या लशी आठव्या आठवड्यापासून सुरू होतात. तोवर त्याला तुझ्याकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवरच भागवायचं असतं, आणि डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो नेमका त्याच आठवड्यांत. माझी वहिनी, म्हणजे तुझी आई, फोनवर विचारेलच, "टीटीची इंजेक्शनं झाली का?" तिला सांग, डांग्या खोकल्याच्या या लशीतच धनुर्वाताचीही लस असते. पुढच्या बाळंतपणात ही लस पुन्हा घ्यायची असते, हेही आत्ताच लक्षात ठेव.

तिसरी आरएसव्हीची, अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून. ही एनएचएसमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून आली, त्यामुळे तुझ्या आधी बाळंत झालेल्या मैत्रिणी "आम्हाला नव्हती बाई" म्हणतील. त्यांचं खरं आहे, पण तुला आहे. तान्ह्या बाळांना छातीचा त्रास होऊन हॉस्पिटलात न्यावं लागतं, त्यामागे पुष्कळदा हाच विषाणू असतो.

सुईण या लशींची आठवण करेल, पण एखादी भेट पुढेमागे झाली की आठवणही पुढेमागे होते. तारखा तूच धर.

फुकट का, पैसे का, हे खोलीत जाण्याआधी ठरू दे

एनएचएसमधून फ्लूची लस मोफत मिळते ती पासष्टच्या पुढच्यांना, गरोदर बायकांना, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, दमा असे जुने आजार असलेल्यांना, आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणाऱ्यांना. तुझं बिल नाही. जावईबापूंचं मात्र "बायको गरोदर आहे" एवढ्यावर भागणार नाही. त्यांना साधारण वीस पौंडांच्या आसपास मोजावे लागतील. पण त्यांचा तो पंप रोजचा आहे ना? त्यात स्टिरॉइड असेल तर ते दम्याच्या गटात बसतात. जाताना पंप खिशात घेऊन जायला सांग. "मला थोडासा दमा आहे" यापेक्षा पंपावरचं नाव फार्मासिस्टला जास्त सांगतं.

मोफत लस आणि विकतची लस यांत डावं-उजवं नसतं. आपल्या लोकांना फुकटाचा संशय येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक कागद कर

फोनमध्ये चालेल, पण कागद बरा. खोलीत सिग्नल नसतो. त्यावर लिही: पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, जीपीचं नाव-पत्ता, एनएचएस क्रमांक असेल तर तो, चालू असलेली औषधं, आजवर कशाची ॲलर्जी आली आणि तेव्हा नेमकं काय झालं, आणि गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या लशी तारखांसकट.

"नेमकं काय झालं" यावर बोट ठेव. आपल्याकडे माणसं सांगतात, "मला इंजेक्शन सोसत नाही." एवढ्यावरून फार्मासिस्टला काहीच ठरवता येत नाही. दंड दुखला, ताप आला, उलटी झाली, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, की श्वास कोंडला? पहिल्या तिन्हींमुळे लस सहसा अडत नाही. शेवटच्या तीनपैकी काही झालं असेल तर सुई उचलण्याआधी ते कळायलाच हवं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तेही सांगायचं. अंड्याशिवाय बनवलेली फ्लूची लस असते, ती मागवता येते.

घरी शाकाहाराचं काटेकोर असेल तर एक लक्षात ठेव. मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस देतात, तिच्यात डुकरापासून बनवलेलं जिलेटिन असतं. ते नको असेल तर मुलांसाठी इंजेक्शन मागता येतं. मोठ्यांच्या फ्लूच्या इंजेक्शनात ते जिलेटिन नसतं. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे जैन, मुस्लिम, ज्यू सगळे विचारायचे आणि उत्तर तयार असायचं.

दादा-वहिनी येतील तेव्हा

बाळंतपणासाठी तुझे आईवडील येणार, तेही ऐन थंडीत. त्यांची फ्लूची लस पुण्यातच, विमानाच्या किमान दोन आठवडे आधी झाली तर उत्तम. त्यासाठी त्यांना चार गोष्टी सांग. मेडिकलमधून लस न्यायची असेल तर आधी डॉक्टर दवाखान्यात आहेत का ते बघा, मगच लस फ्रिजमधून काढायला सांगा. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. बर्फाची पिशवी द्यायला सांगा, पण लशीची डबी बर्फाला थेट टेकू देऊ नका. फ्लूची लस गोठली की फेकून द्यावी लागते आणि नुसतं बघून गोठलेली ओळखू येईलच असं नाही. घरच्या फ्रिजमध्ये "उद्या टोचून घेऊ" म्हणून ठेवूच नका, दारातल्या कप्प्यात तर मुळीच नाही, तिथलं तापमान दर उघडझापीला वरखाली होतं. आणि डबीवरचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी याचा फोटो काढून तुला पाठवा. तो फोटो तू इथे दाखवलास की "घेतली आहे म्हणे" याच्या जागी पुरावा येतो.

तिकडे जमलं नाही तर इथे आल्यावर फार्मसीत विचार. पाहुण्यांना एनएचएसमधून मिळणार का ते तिथे स्पष्ट विचारून घे. नाही म्हणाले तर पैसे देऊन घ्यायची, त्यात घासाघीस नको. जीपीकडे तपासणी पाहुण्यांनाही मोफत असते, पण हॉस्पिटलचं बिल लागतं. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढायला लाव.

येताना गोळ्यांच्या पट्ट्या मूळ पाकिटासकट आणायला सांग. दादाला सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डबीत सुट्या गोळ्या भरून आणायची सवय आहे. इथल्या फार्मासिस्टला भारतातली ब्रँडची नावं ठाऊक नसतात. "इकोस्प्रिन" म्हटलं तर तो गोंधळेल, पट्टीवर खाली बारीक अक्षरात ॲस्पिरिन लिहिलेलं दिसलं की समजेल. तीन औषधांची नावं मी मुद्दाम लिहिते. "ॲसिट्रॉम" घेणाऱ्याचं रक्त पातळ झालेलं असतं, त्याला टोचल्यावर जागा जास्त वेळ दाबून धरावी लागते, आणि टोचण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासलेलं असावं. "वायसोलोन" म्हणजे स्टिरॉइड. "फोलिट्रॅक्स" म्हणजे मेथोट्रेक्सेट, सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती. ही शेवटची दोन प्रतिकारशक्ती कमी करतात. फ्लूचं इंजेक्शन अशांनी आवर्जून घ्यावं, पण जिवंत विषाणूच्या लशी त्यांना चालतीलच असं नाही. "त्या काय, सांध्याच्या गोळ्या आहेत" म्हणून ती पट्टी पिशवीतच राहते. वैद्यांचं चूर्ण आणि होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्याही सांगायच्या. कोणी हसत नाही.

दादाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, तुझ्या दंडावर बीसीजीचा. इथल्या तरुण फार्मासिस्टने देवीचा वण कधी पाहिलेला नसतो, आणि शाळेतल्या सगळ्या मुलांना बीसीजी देणं इथे २००५ मध्ये थांबलं. वण पाहून कोणी विचारलं तर शांतपणे सांगायचं. पण वण म्हणजे नोंद नव्हे. बाकीच्या लशींबद्दल त्यावरून काही कळत नाही.

दुभाष्याचं काम तू करशील, तर प्रश्न मराठीत विचार आणि उत्तर त्यांनाच देऊ दे. "नाही नाही, त्यांना काही त्रास नाही" असं मुलंच सांगून टाकतात, आणि मग वहिनीच्या तोंडून निघतं, "गेल्या महिन्यात चक्कर आली होती, तुला काळजी नको म्हणून बोलले नाही." लस घ्यायची की नाही हे ज्याचा दंड त्याने ठरवायचं असतं. तुझ्या होकारावर दादाला टोचता येत नाही.

त्या दिवशी

पोटभर खाऊन जा. उपाशी माणसाला चक्कर लवकर येते. चतुर्थीचा उपास असेल तर दुसरा दिवस धर. साधी सर्दी असेल तर लस थांबत नाही, अंगात ताप असेल तर थांबते. तेव्हा तापात धडपडत जाऊ नको, फोन करून वेळ पुढे घे.

लस दंडाच्या वरच्या भागात, खांद्याच्या जरा खाली टोचतात. थंडीत आपण कांद्यासारखे थरावर थर चढवून जातो आणि बंद खोलीत दहा मिनिटं सोलत बसतो. आत अर्ध्या बाहीचा सैल टी-शर्ट आणि वर पुढून उघडणारं जॅकेट घाल. वहिनीला सांग, घट्ट बाह्यांचं ब्लाउज नको. बाही वर सरकवून दंडाला काचत असेल तर नीट टोचताही येत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा दंड द्यावा. दंड सैल सोडायचा, मूठ आवळायची नाही. ताठ केलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते.

प्रश्न काउंटरवर विचारायला लागले तर "खोलीत बोलूया" म्हण. गरोदर आहेस हे अजून सगळ्यांना सांगितलेलं नसेल आणि मागे रांगेत शेजारीण उभी असेल. खोलीत बाईमाणूस हवं असेल किंवा सोबत कोणी हवं असेल तर तसं सांगता येतं. फार्मासिस्टऐवजी त्याचा प्रशिक्षित सहकारी टोचणार असेल तर बिचकू नको. डॉक्टरने प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी लिहिलेली नसली तरी एक लेखी आदेश आधीच ठरलेला असतो, पेशंट ग्रुप डायरेक्शन म्हणतात त्याला. कोणाला द्यायची, कोणाला नाही, किती द्यायची, हे त्यात बांधलेलं असतं. तू त्या चौकटीत बसत नसशील तर तो नाही म्हणेल आणि जीपीकडे पाठवेल. अशा वेळी हुज्जत घालू नको, तो आपलं काम नीट करतो आहे.

आधी कधी सुई बघून भोवळ आली असेल तर बसण्याआधी सांग. आडवं झोपवून टोचतात. यात कमीपणा काही नाही. माझ्याकडे सहा फुटी रग्बी खेळणारे आडवे व्हायचे आणि त्यांच्या आज्या ताठ बसायच्या.

टोचल्यानंतर

बाहेर पळायची घाई नको. काही लशींनंतर पंधरा मिनिटं बसवतात, बसवलं नाही तरी पाच-दहा मिनिटं दुकानातच रेंगाळ. जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला येते, पण आली तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच येते, आणि तिच्यावरचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन त्याच खोलीत ठेवलेलं असतं. घरी पोचल्यावर श्वास कोंडला, चेहरा सुजला, तर फार्मसीला फोन न करता थेट ९९९.

टोचलेली जागा चोळू नको. हळदीचा लेप नको, शेक नको. दुखलं तर गार कपडा ठेव आणि हात हलता ठेव. हात धरून बसलं की जास्त आखडतो. दंड दुखणं, थोडी कणकण, थकवा हे एक-दोन दिवस चालतं. फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यातून फ्लू होत नाही. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी शिंका आल्या तर ती ऑक्टोबरातली साधी सर्दी.

आधीच गोळी घेऊन जायची गरज नाही. नंतर ताप आला तर पॅरासिटामॉल घे, आपली क्रोसिन ती हीच. मात्र वहिनी बॅगेतून कॉम्बिफ्लाम काढेल, ती तू घ्यायची नाही. तिच्यात आयबुप्रोफेनही असतं आणि गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही.

नोंद झाली का, ते बघ

एनएचएसची लस असेल तर फार्मसीकडून जीपीकडे नोंद जाते आणि थोड्या दिवसांत एनएचएसच्या ॲपवर दिसते. दिसली नाही तर आठवड्याने फोन कर. पैसे देऊन घेतलेल्या लशीची नोंद आपोआप जाईलच असं नाही. लशीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहिलेली चिठ्ठी मागून घे आणि जीपीकडे स्वतः नेऊन दे. नोंद नसली की पुन्हा टोचतात किंवा पुन्हा विचारत बसतात, दोन्हींत वेळ तुझाच जातो.

उलट दिशेचंही करायचं आहे. तुझ्या लहानपणाचं लसीकरणाचं कार्ड वहिनीने कपाटात जपून ठेवलं असेल, त्याचा फोटो मागव आणि जीपीला दे. त्यात गोवरची लस दिसेल, पण रुबेलाची दिसेलच असं नाही. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एकत्र लस २०१७ पासून आली, त्याआधी मुख्यतः ज्यांना खासगी डॉक्टरांनी एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, दिली त्यांनाच रुबेलाची लस मिळाली. गरोदरपणात एमएमआर घेता येत नाही, ती जिवंत विषाणूची असते. बाळंत झाल्यावर जीपीकडे राहिलेले डोस माग. तुझ्या मैत्रिणींत कोणी मुलाचा विचार करत असेल तर तिला आत्ताच सांग. लस घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात.

बाळाचं आणि भारतवारीचं

बाळ झालं की एक लाल पुस्तक मिळेल. लशींच्या नोंदी त्यातच होतात, ते पासपोर्टइतकं जप. ८, १२ आणि १६ आठवड्यांच्या लशी जीपीकडे, फार्मसीत विचारत फिरू नको. बीसीजी इथे सगळ्या बाळांना देत नाहीत, पण ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मले त्या बाळांना देतात. आपण त्यात बसतो. पहिल्या महिन्यातच विचारणा होते. नाही झाली तर सुईणीला तू विचार.

पहिल्यांदा बाळाला घेऊन पुण्याला जाशील तेव्हा सहा ते आठ आठवडे आधी प्रवासाच्या लशींचं बघ. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्याने होणारी कावीळ, या दोन लशी एनएचएसमधून जीपीकडे मोफत मिळतात, आणि पैसे देऊन बऱ्याच फार्मसींतही मिळतात. रेबीज, हिपॅटायटिस बी वगैरे प्रवासासाठी हव्या असतील तर बहुतेक वेळा पैसे पडतात. "आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला काय होतंय" ही आपल्या लोकांची ठरलेली ओळ. टायफॉइडच्या लशीचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं, बालपणीचं पुण्याचं पाणी आता कामाला येत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला टायफॉइडची लस सहसा देत नाहीत, तेव्हा बाळाच्या पाण्या-दुधाचं तुलाच सांभाळावं लागेल.

एक फार्मसी धर

शेवटचं सांगते आणि हे लशीपुरतं नाही. इथे माणसं ज्या दिवशी जी फार्मसी वाटेत लागेल तिथे शिरतात, सुपरमार्केटात दूध घ्यावं तसं. तू असं करू नको. घरापासून चालत जाता येईल अशी एक निवड, तुझी सगळी औषधं तिथूनच घे, फार्मासिस्टचं नाव विचारून ठेव आणि स्वतःचं सांग. दुपारी दोन-तीनच्या सुमारास गर्दी कमी असते, तेव्हा जा. नोंदणी खरी आहे का हे जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या यादीत कोणालाही बघता येतं.

सुरुवातीला कागद तुला न्यावा लागेल. पुढे त्याच माणसाच्या संगणकात तुझी औषधं जमतील, त्याला तुझा चेहरा ओळखीचा होईल, आणि नवीन गोळी हातात देताना तोच थांबून विचारेल, "तुम्हाला दिवस गेलेत ना?" इंग्लंडात फॅमिली डॉक्टर पुण्यासारखा मिळत नाही, जीपीची वेळ मिळायला दिवसचे दिवस जातात. वेळ न घेता, चिठ्ठीशिवाय, पैसे न देता ज्याच्याशी बोलता येतं असा शिकलेला माणूस म्हणजे फार्मासिस्ट. त्याला आपली माहिती देऊन ठेवणं तुझ्या हातात आहे. या शनिवारी फोन कर, फ्लूच्या लशीची वेळ घे, आणि जावईबापूंनाही घेऊन जा. पंपासकट.

तुझी,
आत्या